साठवणयंत्राचा वेग आणि संगणकावरील खेळांची गती

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकावरील खेळ संथ चालू लागला म्हणजे त्याचा दोष बहुधा हार्ड डिस्कवर ठेवण्यात येतो, आणि अधिक वेगवान हार्ड डिस्क बसविली असता खेळही त्याच प्रमाणात वेगाने चालेल अशी अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटला तरी तो तितका क्षुल्लक नाही. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरसारख्या वस्तीत खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ बहुधा एकच संगणक असतो. तोही पुष्कळदा कोणी वापरून काढून टाकलेला. अभ्यास, प्रकल्पाचे काम आणि खेळ ही तिन्ही कामे त्याच यंत्रावर चालावयाची असतात. यंत्रात सुधारणा करण्यासाठी त्याच्या हाती घरून आलेली ठराविक रक्कम असते, आणि ती एकदाच खर्च करता येते. ती साठवणयंत्रावर खर्च करावी, रॅमवर करावी, की ग्राफिक्स कार्डावर, याचा निर्णय ऐकीव माहितीवर झाला तर पैसा जातो आणि तक्रार मात्र कायम राहते. शिवाय या प्रश्नात यंत्ररचनेचे एक मूलभूत तत्त्व गुंतलेले आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकाला ते तत्त्व येथे जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

या प्रश्नाची 'होय' आणि 'नाही' अशी दोन्ही उत्तरे दिली जातात, व दोन्ही अर्धसत्य आहेत. त्याचे कारण 'गती' हा शब्द तीन निरनिराळ्या राशींसाठी वापरला जातो. पहिली राशी म्हणजे खेळ सुरू होईपर्यंत किंवा एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाताना करावी लागणारी प्रतीक्षा, अर्थात लोडिंगचा काळ. दुसरी म्हणजे खेळ चालू असताना दर सेकंदास पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी संख्या. तिसरी राशी त्या फ्रेमच्या नियमितपणाची होय : त्या सारख्या अंतराने येतात, की मधूनच एखादी फ्रेम रेंगाळून खेळ अडखळतो. साठवणयंत्राच्या वेगाचा या तीन राशींवरील परिणाम सर्वस्वी भिन्न आहे.

२. स्मृतीची उतरंड

संगणकातील माहिती एकाच ठिकाणी नसते. मोठी, स्वस्त परंतु संथ साठवण तळाशी, आणि लहान, महाग परंतु शीघ्र स्मृती वर, अशी तिची उतरंड रचलेली असते. बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टन येथे १९४६ साली लिहिलेल्या अहवालातच अशा उतरंडीची आवश्यकता सांगितलेली आहे. त्याच परंपरेतील टीआयएफआरएसी हा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झाला. त्याच्या फेराइट कड्यांच्या मुख्य स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत असत, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १० किलोबाइट. आजच्या यंत्रांत आकडे बदलले, परंतु रचनेचे तत्त्व तेच राहिले.

ही रचना समजण्यास पुंडलिकनगरच्या रहिवाशाला दूर जावयास नको. पैठणजवळील जायकवाडी धरणातून उचललेले पाणी फारोळा येथे शुद्ध होऊन नक्षत्रवाडीमार्गे शहरातील निरनिराळ्या जलकुंभांत येते. त्यांपैकी एक जलकुंभ पुंडलिकनगर येथे आहे. तेथून ते घराच्या हौदात, हौदातून गच्चीवरील टाकीत आणि टाकीतून नळाला येते. संगणकातील साठवणयंत्र म्हणजे धरण, रॅम म्हणजे जलकुंभ, ग्राफिक्स कार्डावरील स्मृती म्हणजे गच्चीवरील टाकी, आणि फ्रेम तयार करणारे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड म्हणजे नळाखाली भांडे धरणारे हात, अशी तुलना करता येईल.

या तुलनेवरून मुख्य मुद्दा लक्षात येतो. या शहरातील घरांना वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळत आले आहे. परंतु गच्चीवरील टाकीत पाणी शिल्लक असेपर्यंत नळाची धार त्या अंतरामुळे बारीक होत नाही. ती धार टाकीची उंची आणि नळाची तोटी यांवर अवलंबून असते. जायकवाडीपासून येणारी जलवाहिनी दुप्पट रुंद केली तर टाकी लवकर भरेल, नळाची धार मात्र तीच राहील. टाकी रिकामी पडली म्हणजेच वाहिनीच्या रुंदीचा प्रश्न नळापर्यंत पोहोचतो.

तथापि ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. पाणी सर्वत्र सारखेच असते, कोणताही लिटर कोणत्याही लिटरच्या जागी चालतो. खेळाला लागणारी माहिती तशी नसते. समोर दिसणाऱ्या भिंतीचे चित्र हवे असता दुसऱ्या भिंतीचे चित्र उपयोगी पडत नाही. म्हणून माहिती किती वेगाने वाहते यापेक्षा नेमकी हवी ती माहिती किती वेळात सापडते, हा प्रश्न पुष्कळदा अधिक महत्त्वाचा ठरतो. हार्ड डिस्कची खरी दुर्बलता येथेच आहे.

३. फिरती तबकडी आणि तिची मर्यादा

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागालगत वाचक टोक पुढेमागे सरकते. एखादा तुकडा वाचावयाचा झाल्यास प्रथम टोकाने योग्य वर्तुळापर्यंत सरकावे लागते, आणि नंतर तो तुकडा फिरत फिरत टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. म्हणून सरासरी प्रतीक्षा त्याच्या निम्मी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंदांची असते. टोक सरकण्यास लागणारे सुमारे ८ ते ९ मिलिसेकंद तीत मिळविले म्हणजे एका विखुरलेल्या वाचनास सुमारे १२.५ मिलिसेकंद लागतात. अशी वाचने एका सेकंदात फार तर ८० होतील.

यावरून निघणारा हिशेब उद्बोधक आहे. एक गिगाबाइट माहिती तबकडीवर सलग मांडलेली असेल आणि सलग वाचनाचा वेग सेकंदाला १५० मेगाबाइट असेल, तर ती सुमारे ७ सेकंदांत वाचून होते. तीच माहिती ४ किलोबाइटच्या विखुरलेल्या तुकड्यांत असेल तर २,६२,१४४ वेळा टोक हलवावे लागेल आणि त्यास सुमारे ५५ मिनिटे लागतील. प्रत्यक्षात कोणत्याही खेळाची माहिती इतकी विखुरलेली नसते, परंतु सात सेकंद आणि पंचावन्न मिनिटे यांच्या दरम्यान ती कोठे तरी असते.

तबकडी अधिक वेगाने फिरविल्यास काय साधते? २००३ साली वेस्टर्न डिजिटल कंपनीने मिनिटाला १०,००० फेरे घेणारी 'रॅप्टर' ही हार्ड डिस्क बाजारात आणली, आणि खेळांच्या शौकिनांत ती नावाजली गेली. तिच्यात फिरण्याची सरासरी प्रतीक्षा ३ मिलिसेकंदांवर आली आणि टोक सरकण्याचा काळही कमी झाला. तरी एकंदर विलंब ८ मिलिसेकंदांच्या आसपासच राहिला. सुधारणा झाली, परंतु ती दुपटीच्याही आतली. याचे कारण यांत्रिक आहे. वस्तुमान असलेली वस्तू हलवावयाची म्हटली की मिलिसेकंदांच्या खाली जाणे कठीण. आयबीएमने १९५६ साली तयार केलेल्या ३५० या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, ५० लाख अक्षरे तीत मावत, आणि एखादी नोंद सापडण्यास सरासरी सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. त्यानंतर साठवणीची क्षमता लाखो पटींनी वाढली, परंतु शोधण्याचा काळ सुमारे पन्नास पटींनीच घटला.

एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीत माहिती विद्युत्भाराच्या रूपाने साठविली जाते, आणि कोणताही तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात मिळतो. म्हणजे शोधण्याचा काळ एकदम शंभराहून अधिक पटींनी कमी होतो. साटा जोडणीवरील एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. एनव्हीएमई पद्धतीच्या एसएसडीचा सलग वाचनाचा वेग, तिच्या पिढीनुसार, सुमारे ३,५०० ते १४,००० मेगाबाइटपर्यंत जातो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हार्ड डिस्ककडून साटा एसएसडीकडे जाताना शोधण्याचा काळ शंभर पटींनी घटतो, परंतु साटा एसएसडीकडून एनव्हीएमईकडे जाताना मुख्यतः सलग वेग वाढतो, शोधण्याचा काळ त्या मानाने थोडाच घटतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा सलग वेगाचा असतो.

४. फ्रेमची सरासरी संख्या

खेळ सेकंदाला ६० फ्रेम दाखवीत असेल तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात, आणि १४४ फ्रेम दाखवीत असेल तर ६.९४ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत प्रोसेसर खेळाडूची आज्ञा वाचतो, वस्तूंच्या हालचालींचे गणित करतो, कोणती वस्तू कोठे काढावयाची याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे धाडतो, आणि कार्ड प्रत्यक्ष चित्र रंगविते. हार्ड डिस्कवरील एकाच वाचनास १२.५ मिलिसेकंद लागतात, हे वर पाहिलेच. फ्रेम रंगविण्याच्या मध्येच डिस्ककडे जावयाचे ठरविले तर एका वाचनात जवळजवळ सारा अवधी संपेल. म्हणून खेळ लिहिणारे अशी रचना करीतच नाहीत. फ्रेमला लागणारी सर्व माहिती आधीच रॅममध्ये व कार्डाच्या स्मृतीत आणून ठेवलेली असते, आणि पुढे लागणारी माहिती मागच्या मागे, फ्रेमच्या कामाला अडथळा न करता, मागविली जाते.

याचा अर्थ असा की, फ्रेमच्या सरासरी संख्येवर साठवणयंत्राचा परिणाम सामान्यतः होत नाही. ज्या यंत्रात ग्राफिक्स कार्ड दुर्बल असल्यामुळे खेळ सेकंदाला २५ फ्रेम दाखवितो, त्या यंत्रात कितीही वेगवान एसएसडी बसविली तरी फ्रेम सुमारे तेवढ्याच राहतील. कारण हात थकले आहेत, पाणी कमी पडलेले नाही. या बाबतीत 'नाही' हे उत्तर बरोबर आहे.

५. लोडिंगचा काळ

लोडिंगच्या काळाची गोष्ट वेगळी. या काळात टाकी प्रथमच भरली जात असते, म्हणून वाहिनीच्या रुंदीचा परिणाम येथे सरळ दिसतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या खेळात कथा एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांतून पुढे सरकते. अशा रचनेच्या खेळात माहिती आणण्याचे बरेचसे काम टप्प्याच्या आरंभी उरकून घेता येते.

परंतु लोडिंग म्हणजे केवळ वाचन नव्हे. माहिती जागा वाचविण्यासाठी आवळून ठेवलेली असते, ती प्रोसेसरला उलगडावी लागते. तिच्यातून वस्तू उभ्या कराव्या लागतात. छायाप्रकाशाच्या गणिताचे आदेश त्या विशिष्ट कार्डासाठी भाषांतरित करावे लागतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो : कामाच्या एका भागाचा वेग कितीही वाढविला तरी उरलेल्या भागाला लागणारा वेळ कमी होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, हार्ड डिस्कवर लोडिंगला ६० सेकंद लागतात. त्यांपैकी ४५ सेकंद वाचनाचे आणि १५ सेकंद प्रोसेसरच्या कामाचे. साटा एसएसडीमुळे वाचन पाचपट वेगाने झाले तर वाचनाचे ९ सेकंद होतील, आणि एकूण काळ २४ सेकंदांवर येईल. छत्तीस सेकंद वाचले. आता तिच्या जागी सहापट वेगवान एनव्हीएमई बसविली तर वाचनाचा काळ १.५ सेकंद आणि एकूण १६.५ सेकंद होईल. सहापट वेगासाठी खर्च केला आणि साडेसात सेकंद वाचले. यापुढे वेग अनंत पटींनी वाढविला तरी लोडिंग १५ सेकंदांच्या खाली जाणार नाही. पहिल्या बदलाचा लाभ मोठा व पुढच्या प्रत्येक बदलाचा लाभ उत्तरोत्तर कमी, हा अनुभव कशामुळे येतो ते यावरून उघड होईल.

उरलेला भागच प्रधान असेल तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या खेळाच्या ऑनलाइन विभागाचे आहे. त्यात प्रवेश करताना काही संगणकांवर सुमारे सहा मिनिटे थांबावे लागे. वेगवान साठवणयंत्रे वापरूनही हा विलंब टळत नसे. २०२१ च्या फेब्रुवारीत एका हौशी प्रोग्रामरने त्याचे कारण शोधून काढले. सुमारे ६३,००० नोंदींची, १० मेगाबाइटची एक यादी वाचताना प्रत्येक नोंदीसाठी उरलेल्या साऱ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती, आणि प्रत्येक नोंद आधीच्या सर्व नोंदींशी एकेक करून ताडून पाहिली जात होती. हा दोष दूर केल्यावर त्याच संगणकावरील काळ दोन मिनिटांच्या आत आला. खेळाच्या निर्मात्यांनी मार्च २०२१ मध्ये ही दुरुस्ती स्वीकारली. दहा मेगाबाइट वाचण्यास कोणत्याही डिस्कला क्षणभरही पुरे. दोष साठवणीत नव्हता, मांडणीत होता.

६. अडखळ : जेथे नियम बदलतो

फ्रेमच्या सरासरीवर परिणाम होत नाही असे वर म्हटले. तथापि सरासरी पुष्कळ गोष्टी झाकून टाकते. सेकंदाला ६० फ्रेम दाखविणारा खेळ एका मिनिटात ३,६०० फ्रेम दाखवितो. त्या मिनिटात खेळ एकदाच अर्धा सेकंद थांबला तर ३० फ्रेम कमी पडतील आणि सरासरी ५९.५ येईल. कागदावर हा फरक नगण्य आहे, परंतु तो अर्धा सेकंद नेमका प्रतिस्पर्धी समोर आला तेव्हाचा असेल तर खेळाडू हरतो.

अशी अडखळ मुख्यतः विस्तीर्ण भूप्रदेश असलेल्या खेळांत येते. त्यांतील सारे जग स्मृतीत मावत नाही. खेळाडू जसजसा पुढे जातो तसतसा पुढचा प्रदेश मागवावा लागतो आणि मागचा काढून टाकावा लागतो. खेळाडूचा वेग माहिती आणण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला म्हणजे टाकी रिकामी पडते. अशा वेळी कार्यक्रम दोहोंपैकी एक करतो. एकतर ढोबळ चित्र दाखवून तपशील मागाहून भरतो, किंवा माहिती येईपर्यंत फ्रेम रोखून धरतो.

हार्ड डिस्कचा संथपणा गृहीत धरून खेळांची रचनाच पुष्कळ वर्षे बेतली जात असे. लांबलचक बोळ, सावकाश उघडणारी दारे, उद्‌वाहनातील प्रवास यांच्या आड पुढील प्रदेश आणला जाई. एकच झाड किंवा दिवा अनेक ठिकाणी येत असेल तर त्याच्या प्रती डिस्कवर अनेक जागी ठेवल्या जात, म्हणजे टोकाला दूर सरकावे लागू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ या यंत्रात सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचणारी एसएसडी आणि माहिती उलगडणारे स्वतंत्र मंडल बसविण्यात आले. त्यासाठी २०२१ साली तयार झालेल्या 'रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट' या खेळात खेळाडू क्षणार्धात एका जगातून दुसऱ्या जगात जातो. तो खेळ जुलै २०२३ मध्ये साध्या संगणकांवर आला, तेव्हा हार्ड डिस्कवर त्याच संक्रमणांच्या वेळी स्पष्ट थांबे दिसून आले. त्याच वर्षी आलेल्या 'स्टारफील्ड' या खेळाच्या निर्मात्यांनी एसएसडी अनिवार्य असल्याचे जाहीर केले, आणि 'सायबरपंक २०७७' च्या किमान आवश्यकतांतही हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. अशा खेळांपुरते 'होय' हे उत्तर बरोबर ठरते.

यावरून हार्ड डिस्कवर सर्वच नवे खेळ अडतील असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. 'हेलडायव्हर्स २' हा खेळ संगणकावर सुमारे १५० गिगाबाइट जागा व्यापीत असे. हार्ड डिस्क वापरणाऱ्यांचे लोडिंग लांबू नये म्हणून त्यात माहितीच्या अनेक प्रती ठेवलेल्या होत्या. निर्मात्यांनी प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा असे आढळले की, लोडिंगचा बराचसा काळ वाचनात जात नसून रणभूमीची रचना करण्यात जातो, आणि हे काम हार्ड डिस्कच्या वाचनाबरोबरच चालू असते. डिसेंबर २०२५ मध्ये त्या प्रती काढून टाकण्यात आल्या व खेळ सुमारे २३ गिगाबाइटमध्ये मावू लागला. हार्ड डिस्कवरील प्रतीक्षेत फार तर काही सेकंदांची भर पडली. न मोजता केलेल्या गृहीतापायी असंख्य खेळाडूंची शंभराहून अधिक गिगाबाइट जागा अडून राहिली होती.

७. स्मृतीची टंचाई आणि इतर कारणे

अडखळीचे आणखी एक कारण जुन्या यंत्रांत वारंवार आढळते. रॅम अपुरी असली म्हणजे कार्यप्रणाली रॅममधील काही माहिती साठवणयंत्रावर उतरवून ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. हार्ड डिस्कवर ही देवघेव सुरू झाली की खेळ पुन्हा पुन्हा थांबतो. येथे एसएसडी बसविल्याने निश्चित फरक पडतो, आणि त्यामुळे 'एसएसडीने खेळ वेगवान झाला' असा अनुभव सांगितला जातो. तो अनुभव खरा असतो, कारणमीमांसा मात्र अपुरी असते. जलकुंभ लहान पडत असता धरणाची वाहिनी रुंद केल्यासारखे हे झाले. मूळ उपाय रॅम वाढविणे हा होय.

त्याचप्रमाणे कार्यप्रणालीची अद्ययावत करण्याची कामे, विषाणुशोधक कार्यक्रम इत्यादी खेळाच्या पाठीमागे डिस्क वापरीत असतात. हार्ड डिस्कचे टोक एकच काम एका वेळी करू शकते, म्हणून दोन कामांच्या ओढाताणीत दोन्ही रखडतात.

स्थानिक हवामानाचाही येथे संबंध आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि वेगवान एनव्हीएमई एसएसडी ही तिन्ही ठराविक मर्यादेपलीकडे तापली म्हणजे स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतात. पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी मंदावलेला खेळ पहाटे सुरळीत चालत असेल, तर साठवणयंत्र बदलण्यापूर्वी संगणकाच्या पेटीतील धूळ काढून पंखा तपासणे इष्ट.

८. मोजमापाची पद्धती

या विषयावर विद्यार्थ्यांना अल्प साधनांत प्रयोग करता येण्यासारखा आहे. पुढील काही पथ्ये मात्र पाळावयास हवीत.

पहिले, साठवणयंत्राव्यतिरिक्त काहीही बदलता कामा नये. तोच संगणक, तोच खेळ, तीच आवृत्ती आणि तोच प्रसंग असावा. जुन्या हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांचा पसारा आणि नव्या एसएसडीवर कोरी कार्यप्रणाली अशी तुलना केल्यास फरक कशाचा पडला हे कळणार नाही.

दुसरे, कार्यप्रणाली एकदा वाचलेली माहिती रिकाम्या रॅममध्ये जपून ठेवते. त्यामुळे दुसऱ्या वेळचे लोडिंग डिस्ककडे न जाताच होते. प्रत्येक मोजणीपूर्वी संगणक पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि पहिल्या व दुसऱ्या वेळेच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. या दोहोंतील अंतर हेच साठवणयंत्राच्या वाट्याचे पहिले अनुमान होय. दुसरे लोडिंगही पहिल्याइतकाच वेळ घेत असेल, तर त्या यंत्रात त्या खेळासाठी वेगवान साठवणयंत्राचा लाभ होण्याची शक्यता कमी. ही परीक्षा काहीही खरेदी न करता करता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

तिसरे, सरासरीवर थांबू नये. प्रत्येक फ्रेमला लागलेला काळ नोंदविणारी साधने विनामूल्य मिळतात. त्यांवरून सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा काळ काढावा. साठवणयंत्राचा परिणाम असेल तर तो तेथे दिसेल.

चौथे, प्रत्येक मोजणी अनेकदा करावी, तिचा क्रम आलटून पालटून ठेवावा, आणि खोलीचे तापमान नोंदवावे.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. साठवणयंत्राचा वेग वाढविल्याने लोडिंगचा काळ घटतो, परंतु प्रोसेसरच्या वाट्याचे काम जेथे संपते त्या मर्यादेपर्यंतच. फ्रेमची सरासरी संख्या सामान्यतः बदलत नाही. फ्रेमचा नियमितपणा विस्तीर्ण जगाच्या खेळांत व अपुऱ्या रॅमच्या यंत्रांत सुधारतो. हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे जाणे हा मोठा टप्पा होय, आणि एका एसएसडीकडून अधिक वेगवान एसएसडीकडे जाणे हा बहुतेक खेळांपुरता लहान टप्पा. वेगाने फिरणारी हार्ड डिस्क घेण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही.

मर्यादित पैशांत यंत्र सुधारू इच्छिणाऱ्याने म्हणूनच तक्रारीपासून आरंभ करावा. तक्रार प्रतीक्षेची असेल आणि यंत्रात हार्ड डिस्क असेल, तर साधी साटा एसएसडी पुरेशी आहे. जुन्या संगणकांनाही ती बहुधा जोडता येते, आणि अभ्यासाच्या कामालाही तिचा तितकाच उपयोग होतो. पुष्कळ जुनी यंत्रे एवढ्या एका बदलाने भंगारात जाण्यापासून वाचतील. तक्रार मधूनमधून अडखळण्याची असेल तर प्रथम रॅम किती भरली आहे ते पाहावे. खेळ आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच संथपणे चालत असेल, तर साठवणयंत्रावर पैसा घालवू नये. तेथे प्रश्न प्रोसेसरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा आहे, किंवा खेळातील चित्रांचा तपशील थोडा कमी करून तो विनाखर्चही सुटू शकेल.

संगणकाच्या कोणत्याही उपयोगात हाच क्रम लागू पडतो. आधी वेळ कोठे जातो ते मोजावे, आणि मग तेथील भाग बदलावा. खर्चाची पावती फाडण्यापूर्वी विद्यार्थ्याने घड्याळ लावून दोन वेळा खेळ सुरू करून पाहिला, तरी त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याला मिळालेले असेल.